रानं दोनच की!

पत्र:

सर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. झूलॉजीत पीएच.डी. करते, दुसरं वर्ष आहे. विषय ओढ्याकाठचे बेडूक. जांबोटी-कणकुंबीकडचे जंगलातले तीन ओढे आणि नंदगड-बिडीकडचे भातशेतातून जाणारे तीन ओढे घेतले. प्रत्येक ओढ्यावर १०० मीटरचे पाच पट्टे आणि पावसाळ्यात रात्रीच्या चार फेऱ्या, असा १२० ओळींचा तक्ता झाला. त्यातल्या एका जातीची सरासरी पट्ट्यामागे २ आहे, व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) १४, आणि १२० पैकी ६८ ओळींत शून्य. गाईड म्हणाले जंगल आणि भात यांच्या सरासऱ्या ताडायला टी-टेस्ट लाव. लावली. पी व्हॅल्यू ०.००१ च्या खाली आली, म्हणजे खरा फरक नसता तर एवढा फरक योगायोगानं दिसायची शक्यता हजारात एकाहून कमी; गाईड खूश. पण सेमिनारमध्ये एका बाईंनी विचारलं, ‘इंडिपेंडन्सचं काय?’ मला उत्तर देता आलं नाही.

आता संख्याशास्त्राचं एक चांगलं पुस्तक कायम जवळ ठेवायला घ्यायचंय. सीनियर म्हणतो बेझियन (आधीचा अंदाज आकड्यांनी सुधारत नेण्याची पद्धत) शिक. मैत्रीण म्हणते आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकलीस की पुस्तक लागतच नाही. गणपत गल्लीतल्या दुकानदारानं सोडवलेल्या गणितांचं एक गाईड दिलं, ते घेऊन आले. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं सगळं इंग्रजीत, आणि गणिताची भीती आहे ती आहेच. स्टायपेंडमधून एकच पुस्तक परवडेल. कोणतं घेऊ?

उत्तर:

तुझ्या वयाच्या पोरांना बेळगावात तीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा अगं-तुगं करतो, चालवून घे. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. विकत घ्यायचं ते निकोलस गॉटेली आणि ॲरन एलिसन यांचं ‘अ प्रायमर ऑफ इकॉलॉजिकल स्टॅटिस्टिक्स’, त्याची दुसरी आवृत्ती. संगणकाशेजारी उघडं ठेवायचं ते अलेन झूर आणि मंडळींचं २००९ चं मिक्स्ड मॉडेलांचं (पायऱ्यापायऱ्यांनी गोळा झालेल्या आकड्यांसाठीच्या पद्धतीचं) पुस्तक; ते ग्रंथालयातून आण. आणि मधूनअधून ग्रंथालयात जाऊन बघायचं ते जेरॉल्ड झार यांचं ‘बायोस्टॅटिस्टिकल ॲनालिसिस’. झूर आणि झार यांत घोळ करू नकोस, दोघांची तऱ्हा अगदी निराळी आहे.

ही नावं तुझ्या तक्त्यासाठी आहेत हे मात्र ध्यानात ठेव. तुझी मैत्रीण प्रयोगशाळेत चाळीस कुंड्यांत खत घालून रोपं मोजत असती तर तिला मी दुसरं सांगितलं असतं. पुस्तकाचं नाव विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक कोरा कागद देतो आणि म्हणतो, तुझे आकडे कसे गोळा झाले त्याचं चित्र काढ. निम्मी मंडळी तिथंच अडकतात. तुझं चित्र मी पत्रावरून काढलं: वर दोन चौकोन, जंगल आणि भात. प्रत्येकाखाली तीन ओढे. प्रत्येक ओढ्याखाली पाच पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यावर चार ठिपके, म्हणजे चार रात्री. ठिपके मोजले तर १२० भरतात. आता सांग, जंगल की भात हे कुठल्या पायरीवर ठरलं? पट्ट्याच्या पायरीवर तर नव्हे. एका ओढ्याचे पाचही पट्टे एकाच बाजूचे. ते ठरलं ओढ्याच्या पायरीवर. आणि ओढे सहाच.

त्या बाईंनी विचारलं ते हेच: तुझ्या १२० ओळी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का? मला हा धडा कुठल्या पुस्तकानं शिकवला नाही, निपाणीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शिकवला. मी नवा नवा लेक्चरर होतो. एका मित्राला तंबाखूवर नव्या खताचा परिणाम बघायचा होता. आम्ही खत घातलेल्या रानातली पन्नास पानं आणि न घातलेल्या रानातली पन्नास पानं तोडून वजन केलं, टी-टेस्ट लावली आणि उत्तर असं झकास आलं की मी त्यांच्या पडवीत बसून त्यांना ‘शंभर पानांचा पुरावा’ समजावून सांगायला लागलो. म्हातारबांनी सगळं ऐकून घेतलं, चुन्याची डबी मिटली आणि म्हणाले, ‘पानं शंभर मोजलासा सर, खरं रानं दोनच की! ते खालचं रान विहिरीजवळ हाय.’ संपला विषय. विहिरीमुळं पान जाड झालं की खतामुळं, हे शंभर नव्हे, हजार पानं तोडूनही कळलं नसतं. मित्र मात्र आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

या चुकीला, म्हणजे एकाच रानातली अनेक पानं वेगवेगळा पुरावा म्हणून मोजण्याला, इंग्रजीत सूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली यावर एक लांबलचक आणि बराच तिखट लेख लिहिला. त्यांनी इकॉलॉजीतले १७६ प्रयोग तपासले. त्यातल्या २७ टक्क्यांत ही चूक होती. आणि ज्यांनी खरोखर टेस्ट लावून निष्कर्ष काढला होता तेवढेच धरले तर ४८ टक्क्यांत. तेव्हा तू एकटी नाहीस, तुझे गाईडही एकटे नाहीत. तो लेख मिळव आणि पुस्तकाच्या आधी वाच. गणित फार नाही, भांडण भरपूर आहे.

तुझी पी व्हॅल्यू कुठं गेली ते आता चिठ्ठ्यांनी बघू. सहा चिठ्ठ्यांवर सहा ओढ्यांच्या सरासऱ्या लिही. जंगल-भात हा फरक खोटाच आहे असं घटकाभर मान, आणि सहातल्या कुठल्याही तीन चिठ्ठ्या उचलून त्यांना ‘जंगल’ म्हण. अशा तीन चिठ्ठ्या २० तऱ्हांनी उचलता येतात. जंगलातले तिन्ही ओढे भाताच्या तिन्ही ओढ्यांपेक्षा वरचढ निघाले, म्हणजे याहून चांगला निकाल लागूच शकत नाही, तरी ती २० पैकी एक तऱ्हा झाली. आणि उलटं, भातवाले तिन्ही वरचढ निघाले असते तरी तू तेवढ्याच उत्साहानं लिहिलं असतंस, तेव्हा २० पैकी दोन. म्हणजे ०.१. सहा ओढ्यांच्या या चिठ्ठ्यांतून ०.१ च्या खाली पी व्हॅल्यू येणं शक्यच नाही. तुझं ०.००१ आलं कुठून? टी-टेस्टला वाटलं तू १२० वेगवेगळे ओढे फिरलीस. तिनं ११८ डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे माहितीचे स्वतंत्र तुकडे, धरले. पायऱ्यांचा हिशेब धरून सरासऱ्या ताडणाऱ्या नेस्टेड अनोव्हात याच तुलनेला ४ मिळतात.

आता पुस्तकांकडे येतो. दुकानात किंवा ग्रंथालयात जाड पुस्तक हातात आलं की आपण अनुक्रमणिका बघतो, आणि ती सगळ्यांची सारखीच दिसते: सरासरी, टी-टेस्ट, अनोव्हा, रिग्रेशन. तू मागून उघड. शेवटच्या शब्दसूचीत सूडोरेप्लिकेशन आहे का, नेस्टेड आहे का, ओव्हरडिस्पर्शन (सरासरीच्या मानानं मोठा पसारा) आहे का, झिरो-इन्फ्लेटेड (जादा शून्यांसाठीचं मॉडेल) आहे का, हे बघ. जिथं सापडेल ते पान काढून वाच, आणि त्या पानावरच्या उदाहरणातला तक्ता तुझ्या तक्त्यासारखा दिसतोय का ते बघ. पहिल्या वाचनात निम्मं कळलं तरी पुस्तक तुझ्या कामाचं. गणपत गल्लीतलं तुझं गाईड याच परीक्षेत बसव बघू. त्यात प्रत्येक गणिताच्या डोक्यावर ‘टी-टेस्ट वापरून सोडवा’ असं लिहिलेलं असतं. तुझी अडचण तर नेमकी ती वरची ओळ आहे. ती कोण लिहिणार?

गॉटेली-एलिसन मी पहिलं का ठेवलं? टेस्ट शिकवण्याआधी ते प्रयोग मांडायला शिकवतात म्हणून. सुरुवात संभाव्यतेपासून होते, अगदी सावकाश, मग क्षेत्रकामाची मांडणी, आकडे कसे जपावेत यावर एक अख्खं प्रकरण, आणि मग कुठं रिग्रेशन आणि अनोव्हा. दोघंही मुंग्या आणि कीटकभक्षी वनस्पतींमागं चिखलात हिंडलेले इकॉलॉजिस्ट, त्यामुळं उदाहरणांना मातीचा वास आहे. दुसऱ्या आवृत्तीत जैवविविधता मोजण्यावर आणि ‘प्राणी होता पण दिसला नाही’ या भानगडीवर नवी प्रकरणं घातली आहेत, म्हणून दुसरीच घे. जुनी पहिली (२००४) स्वस्तात मिळाली तर मोह होईल, पण बेडूकवाल्यांना शेवटचं प्रकरण सोडून चालणार नाही. मुसळधार पावसात, ओढ्याच्या आवाजात तुला किती हाका ऐकू आल्या? तुझ्या ६८ शून्यांतली काही शून्यं बेडकाची नसतील, तुझ्या कानाची असतील.

मात्र मोजणीचे आकडे आणि पायऱ्या, दोन्ही एकदम आले की या पुस्तकाची मजल संपते. तिथं झूर. त्या पुस्तकात एक उदाहरण आहे जे बघून तू चकित होशील. हॉलंडचे नऊ समुद्रकिनारे, प्रत्येकावर पाच जागा, वाळूतले जीव मोजले, एकूण ४५ ओळी. किनाऱ्याच्या जागी ओढा घाल आणि जागेच्या जागी पट्टा. तुझंच चित्र! मिक्स्ड मॉडेल म्हणजे काय, ‘किनारा’ हा रँडम इफेक्ट (एकाच किनाऱ्याच्या जागांत सारखेपणा आणणारा घटक) का धरायचा, हे सगळं त्या ४५ ओळींवर पायरीपायरीनं समजावलंय. पुढं गाड्यांखाली मेलेल्या बेडूक-सॅलमँडरांच्या मोजणीवर पोर्तुगालमधलं एक प्रकरण आहे, तेही तुझ्या वाटेवरचं. त्यातलं आरचं कोड आता जुनं झालंय, काही आज्ञा बदलल्यात. तेवढं सांभाळून घे. कोड जुनं झालं तरी विचार शिळा होत नाही.

शून्यांबद्दल थोडं थांबतो, कारण तुला कुणीतरी लवकरच ‘झिरो-इन्फ्लेटेड लाव’ म्हणून सांगणार. झूरच्या पुस्तकात त्यावर प्रकरण आहेच. पण आधी वहीत हिशेब कर. सरासरी २ असलेलं पॉयसन वाटप (एकेक बेडूक स्वतंत्रपणे, योगायोगानं सापडला तर आकडे पडतात तसं) धरलं तर १२० ओळींत शून्यं अपेक्षित साधारण १६. तुझ्याकडं ६८. म्हणजे पॉयसन गेलं. पॉयसनमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असावे लागतात, तुझे २ आणि १४ आहेत, तिथंच कळायला हवं होतं. आता निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे पुंजक्यांनी सापडणाऱ्या जिवांना शोभणारं वाटप, घे. सरासरी २, व्हेरियन्स १४ यावरून त्याचा पुंजकेपणा सांगणारा के निघतो एक तृतीयांश, आणि अपेक्षित शून्यं येतात ६३ च्या आसपास. ६८ आणि ६३! म्हणजे तुझी शून्यं दिसायला भयंकर असली तरी साधं निगेटिव्ह बायनॉमियल त्यांना पोटात घेतंय. बेडूक सगळीकडं सारखे पसरत नाहीत, एका डबक्याशी दहा आणि पुढचे चार पट्टे रिकामे, त्याचा हा हिशेब. यात जंगल-भात दोन्ही मी एकत्र धरले आहेत, तेव्हा हा कच्चा हिशेब समज. पण एवढं स्वतःच्या हातानं केलंस की पुस्तकातलं प्रकरण परकं वाटणार नाही.

झार यांचं पुस्तक १९७४ पासून चालत आलंय, २०१० च्या पाचव्या आवृत्तीत नऊशेच्या वर पानं आहेत. पाटा-वरवंट्यासारखं आहे. रोज काढत नाही कुणी, पण घरात असावं. कुठलीही जुनी टेस्ट घे, गृहीतकं काय, आकडे कसे भरायचे, टेबल कुठलं, सगळं हातानं सोडवून दाखवलंय. मिक्स्ड मॉडेल त्यात शोधू नकोस. पण तुझे बेडूक रात्री किती वाजता जास्त ओरडतात हा प्रश्न आला तर झारच उघड. घड्याळ गोल असतं, रात्री साडेअकरा आणि साडेबारा यांची साधी सरासरी काढलीस तर उत्तर भर दुपारी जाऊन पडेल. अशा वर्तुळाकार आकड्यांवर त्यात शेवटी चांगली प्रकरणं आहेत. सोकाल आणि रोल्फ यांचं ‘बायोमेट्री’ (१९६९) हे त्याच पिढीतलं. नेस्टेड अनोव्हा त्यातून शिकावी. ते ४ डिग्रीज ऑफ फ्रीडम कुठून आले ते तिथं नीट कळेल.

क्विन आणि किओ यांचं २००२ चं पुस्तकही फार चांगलं आहे. गॉटेली-एलिसन मिळालंच नाही तर ते घे, डोळे मिटून. आणि पुण्याच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या अनिल गोरे आणि शरयू परांजपे यांनी २००१ मध्ये गणिती आणि संख्याशास्त्रीय इकॉलॉजीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय. प्राण्यांची संख्या अंदाजायची कशी, विविधता मोजायची कशी, हे त्यात आहे. आपल्याकडच्या माणसांनी लिहिलंय म्हणून भावनेनं सांगत नाही. गणिताची भीती आहे म्हणालीस, पण भीती असणाऱ्यानंच कधीतरी सूत्र कुठून आलं ते बघावं, आणि ते बघायला ही जागा बरी.

सगळ्या जाती एकत्र घेऊन ‘कुठल्या ओढ्यावर कोणाची वस्ती’ असा तक्ता करशील तेव्हा लजॉन्द्र बंधूंचं ‘न्यूमेरिकल इकॉलॉजी’ लागेल. दोघं भाऊ, क्यूबेकचे, आणि पुस्तक असं की आडव्या हातानं उचलू नये. पुढच्या वर्षी बघ. त्याचीच आरमध्ये करून दाखवणारी पातळ बहीण आहे, ती आधी गाठ.

सीनियरच्या बेझियनला माझा विरोध नाही. कोल्हापुरात जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडं शिकले, आणि जेफ्रीज म्हणजे बेझियन विचाराचे आधारस्तंभ; परत येऊन हुजूरबाजारांनी पुण्यात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. तेव्हा हे वारं आपल्या भागाला काही नवं नाही. पण तुझ्या सीनियरला विचार, बेझियन लावल्यावर ओढे सहाचे साठ होतात का? नाही ना, मग आधी ओढे बघू. मैत्रिणीचंही तसंच. आर शिकच. फुकट आहे, ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलेलं आहे, आज जगभर चालतं. पण आर आज्ञाधारक आहे. टी-टेस्ट लाव म्हटलं की लावतं. ‘बाई, रानं दोनच की’ असं म्हणत नाही.

आता खरं दुखणं, आणि ते बरं झालं नाही तर पुस्तकाचा खर्चही वाया. तुझे जंगलातले ओढे सगळे पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अंगाला; भाताचे सगळे पूर्वेकडं. कणकुंबीला पडणारा पाऊस आणि बिडीला पडणारा पाऊस यांत किती फरक आहे ते तुला मी सांगायला नको, तुझ्या रेनकोटनं सांगितलं असेल. मग बेडूक जास्त आहेत ते जंगलामुळं की पावसामुळं? म्हातारबांची विहीर पुन्हा आली. मिक्स्ड मॉडेल, बेझियन, कुठलंही पुस्तक हे दोन धागे आता सोडवून देणार नाही. आर. ए. फिशर १९३८ साली कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत हेच बोलले होते: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे पोस्टमॉर्टेमला बोलावणं, फार तर प्रयोग कशानं मेला ते तो सांगेल.

पण तुझा मेलेला नाही, दुसरं वर्षच चालू आहे. अजून एक पावसाळा हातात आहे. जोड्या कर. जांबोटीलाही भात पिकतंच की, आणि पूर्वेकडंही झाडीतून येणारा ओढा शोधला तर सापडेल. जवळजवळचा एक जंगलातला, एक भातातला, पाऊस दोघांना सारखा, अशा सहा जोड्या. १२ ओढे झाले. दर ओढ्याला पाचऐवजी दोनच पट्टे घे आणि पाच रात्री जा. १२ गुणिले २ गुणिले ५, पुन्हा १२० च ओळी. मोजणी तेवढीच, फिरणं वाढेल हे खरं, मोटारसायकलवाल्या भावाला पेट्रोलचे पैसे दे. चिठ्ठ्यांचा हिशेब आता असा: प्रत्येक जोडीत जंगल वर की भात वर, दोन शक्यता, सहा जोड्या, एकूण ६४ तऱ्हा. सहाच्या सहा जोड्यांनी एकच बाजू दाखवली तर ६४ पैकी २, म्हणजे ०.०३. आता बोलायला जागा झाली. जुने सहा ओढे फेकू नकोस, त्यातले जमतील ते जोडीत बसव. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत नवा ओढा घेणार असशील तर वनखात्याची परवानगी आत्ताच माग. पावसाळा त्यांच्या सहीसाठी थांबत नाही.

गाईडना हे कसं सांगायचं, असं तू विचारलं नाहीस पण मनात असणार. ‘सर, तुमचं चुकलं’ म्हणू नकोस. चिठ्ठ्या घेऊन जा, त्यांच्या टेबलावर मांड आणि त्यांनाच तीन उचलायला सांग. हर्लबर्टचा लेख तिथंच ठेवून ये. माणूस स्वतः मोजतो तेव्हा पटतं. मला पटलं होतं.

इंग्रजीचं म्हणशील तर संख्याशास्त्राच्या पुस्तकात तेच तेच शब्द फिरून येतात, कादंबरीसारखं नसतं ते. एक वही घाल आणि नवा शब्द आला की अर्थ मराठीत, तुझ्या ओढ्यावरचं उदाहरण घेऊन लिही. ओव्हरडिस्पर्शन: सरासरीच्या मानानं पसारा मोठा, एका डबक्याशी दहा, पुढं चार पट्टे रिकामे. पाठांतराची गरज पडणार नाही. तक्त्यात मात्र मराठी-कन्नडची भेसळ नको. गार्ड कप्पे म्हणेल, आई बेडूक म्हणेल, रकान्यात एकच शास्त्रीय नाव आणि एकाच स्पेलिंगनं. एक जादा स्पेस पडली तरी आर त्याची वेगळी जात करतो, आणि तुझ्या प्रबंधात कणकुंबीला एक नवी प्रजाती सापडते.

विकत घेण्याआधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कॅटलॉग बघ. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा करून घ्यावा, दोन्हीकडं जाता येतं. खानापूरहून धारवाडला रेल्वेनं गेलीस तर वाटेत लोंढ्याला चहा होतो. तिथं बसून दोन-तीन पुस्तकांची ती शब्दसूचीची परीक्षा घे. माझं मत बाजूला ठेवून एखादं दुसरंच मनात भरलं तर तेच घे, मला राग नाही.

आणि ते सोडवलेल्या गणितांचं गाईड दुकानदार परत घेणार नाही. आजूबाजूला कोणी बी.कॉम.ला असेल त्याला देऊन टाक, त्याच्या पेपरात प्रत्येक प्रश्नावर कुठली टेस्ट ते लिहून येतं.